परक्या घरचा कडू घास

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काही मी कधी मानलं नाही. शेजारीण आमच्या दाराला लिंबू-मिरची बांधून जाते आणि मी ती काढून टाकते. त्यामुळे पुढचं वाचून "बाई भोळी दिसते" असं वाटलं, तर तो विचार इथेच सोडून द्या.

माझं माहेर सौंदड, सासर कोहमारा. हायवेला लागून नवऱ्याचं कृषी केंद्र आहे — खत, बियाणं, औषधं. गेल्या हिवाळ्यात एका खत कंपनीने टार्गेट पूर्ण केलेल्या डीलरांना थायलंडला नेलं, सपत्नीक. पटायाच्या हॉटेलात एका संध्याकाळी स्टेजवर सत्कार होणार होता, तोही सपत्नीक. नवऱ्याने त्यासाठी गोंदियाहून कोट शिवून आणला होता आणि महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

आई तेव्हा सौंदडला भावाकडे होती. दम्याची जुनी पेशंट. निघण्याआधी भेटायला गेले तर म्हणाली, "जाऊन ये वो बाई. मले काय होते." रोमिंग फक्त नवऱ्याच्या मोबाईलवर होतं, म्हणून काही लागलं तर यांना फोन कर, असं भावाला सांगून ठेवलं.

सत्काराच्या दिवशी सकाळपासून नवरा विचित्र गोड वागत होता. आमच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, हा माणूस मला "चहा घेशील का" असं विचारत नाही... आणि त्या दिवशी म्हणाला, "ग्रुपसोबत तेच ते पनीर कायले खातेस? चल, तुले इथलं काही खाऊ घालतो." मला बरं वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं.

हॉटेलच्या मागच्या गल्लीत एक छोटं थाई रेस्टॉरंट होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर त्यांच्या राजाचा फोटो, काउंटरवर एक मुलगी. भर दुपार. आम्ही मेनूतल्या फोटोवर बोट ठेवून फ्राइड राइस मागवला. तो यायच्या आधीच आतून एक म्हातारी आली. पिकलेले केस, कमरेला लुंगीसारखं नेसलेलं. तिने फक्त माझ्यासमोर एक ताटली ठेवली. पांढरा भात... आणि त्यावर उकडलेला कडूनिंबाचा कोवळा पाला.

इथे थांबून सांगायला हवं. आमच्या गावात मयत झालं की त्या घरची चूल पेटत नाही. मातीहून, म्हणजे अंत्यविधीहून, परत आल्यावर बाहेरच्या घरातून कोणी तरी भात शिजवून आणतं, त्यात कडूनिंबाची पानं घालतं आणि पहिला घास आपल्या हाताने घरच्यांच्या तोंडात घालतं. हा कडू घास. त्याला मीठ नसतं आणि तो आपल्या हाताने खायचा नसतो.

म्हातारीने तेच केलं. बोटांनी भात-पाला कालवला आणि घास माझ्या तोंडाशी आणला. मी का तोंड उघडलं, माहीत नाही. अळणी भात, आणि मागून घशापर्यंत उतरणारा कडूपणा. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेली.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो उभा राहिला होता, चेहरा पांढराफटक.

"हिले कोनं सांगतलं?" तो म्हणाला.

"काय सांगतलं, जी?"

तो खाली बसला. मग बोलला. आई पहाटेच गेली होती. भावाचा फोन आला तेव्हा मी आंघोळीला होते.

"तुले रात्री सांगणारच होतो," तो म्हणाला. "कार्यक्रम तेवढा झाला की. आता सांगून तू काय केली असतीस, रडतच बसली असतीस ना?"

मी उठून आत गेले. म्हातारी भांडी घासत होती. तिने मला पाहिलं आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. काउंटरवरच्या मुलीला मी तुटक्या इंग्रजीत विचारलं, हे असं सगळ्यांना देता का? ती गोंधळली होती. म्हणाली, आमच्या मेनूत हे नाहीच, हा तिचा घरून आणलेला डबा आहे.

टूरच्या गाइडने नंतर समजावलं की तिकडे हिवाळ्यात कडूनिंबाचा पाला आवडीने खातात, पण सोबत गोड चटणी असते, भाजलेला मासा असतो. असेल. माझ्या ताटलीत यातलं काही नव्हतं. आणि गिऱ्हाइकाला कोणी आपल्या हाताने भरवतं का, यावर तो नुसता हसला.

संध्याकाळी नवऱ्याने एकट्याने सत्कार घेतला. फोटोत कोट चांगला दिसतो. तो फोटो त्याने दुकानात लावलाय.

मी सौंदडला पोचले तोवर आईची राख इटियाडोह धरणाच्या पाण्यात गेली होती. भाऊ माझ्यासमोर मान वर करेना. शेवटी म्हणाला, "बाई, मी भाऊजीले दोनदा विचारलो. बर्फाची पेटी आणतो, दुसऱ्या दिवसावरी थांबवतो म्हनलो. तेच म्हनले, नोको थांबवू, ती काही येत नाही." सकाळीच कळून त्याच दिवशी विमानात बसले असते तर मला आईचं तोंड दिसलं असतं. तिकिटाची चौकशीसुद्धा कोणी केली नाही. मी येत नाही, हे माझ्या वतीने ठरवून टाकलं होतं. हे मी विसरणार नाही, आणि विसरायचा प्रयत्नही करत नाही.

त्या म्हातारीला कसं कळलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या विज्ञानातही नाही. योगायोग म्हणायचा तर म्हणा, मी भांडणार नाही. पण जे माझ्या माणसाने लपवलं, ते एका परक्या बाईने तिच्या डब्यातून माझ्यासमोर ठेवलं, एवढं मात्र खरं.

मी पोचले त्या दिवशी शेजारची काकू रिवाजाप्रमाणे भात घेऊन आली. पदराने डोळे पुसत तिने घास पुढे केला.

"माझा झाला, काकू," मी म्हटलं.

तिचा हात तसाच राहिला. "कोन्या घरचा वो?"

नवरा दारातच उभा होता. मला त्या म्हातारीचं नावही ठाऊक नव्हतं.

"आईच्या ओळखीचं घर असंल," मी म्हटलं.