वडिलांचं लिव्हर आणि आत्याचा काढा

लूम्सच्या खात्यातून, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातून, घरी आले की वडील हल्ली जेवणाआधीच आडवे व्हायचे, म्हणून मीच त्यांना आमच्या नवागाम वस्तीतल्या डॉक्टरांकडे नेलं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे बरेच वाढलेले निघाले. दारू पिता का, असं डॉक्टरांनी विचारलं. वडील नाही म्हणाले. पण इथं गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे डॉक्टरांपुढे सगळेच नाही म्हणतात, हे आईला ठाऊक होतं. तिचा भाऊ दारूनंच गेला आणि तोही शेवटपर्यंत नाहीच म्हणत होता.

आई भांडली असती तर परवडलं असतं. ती वडिलांचे शर्ट धुण्याआधी हुंगून बघायची. चहापलीकडे कशाच्या नादी न लागलेला माणूस, पण बायकोचा विश्वास उडाला म्हणून आजाराहून जास्त खचला. मला दोघांचाही राग यायचा.

काविळीच्या तपासण्या चांगल्या आल्या, सोनोग्राफीतही काही दिसलं नाही. तेव्हा डॉक्टरांनी, दिवसभरात पोटात जातं ते सगळं पिशवीत घालून आणायला सांगितलं. आईनं बिस्किटांचा पुडासुद्धा टाकला, आणि फळीवरची गुळवेलीच्या काढ्याची बाटलीही. कोरोनापासून आत्या गावाहून येणाऱ्याच्या हाती ती न चुकता पाठवते. तिला आम्ही सगळेच बाई म्हणतो. आजी लवकर गेली, वडिलांना तिनंच वाढवलं.

कुठली औषधं घेता विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलं, असं डॉक्टर वडिलांना म्हणाले. वडील खरोखरच गोंधळले.

"ते काय औषध शे? बाईनी धाडेल शे."

मला हसू आवरेना. गुळवेल काहींच्या लिव्हरला सोसत नाही, बंद करा आणि पुन्हा तपासू, असं डॉक्टरांनी सांगितलं. सहा आठवड्यांनी आकडे जवळजवळ जागेवर आले. आईनं रिपोर्ट माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. माफी मागणं तिच्या स्वभावात नाही. तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या आणि वडिलांच्या ताटाशी बसून राहिली. तिच्यावरचा माझा राग तिथंच विरघळला.

जेवण होतंय तोच आत्याचा फोन आला. काढा घेतोस ना रोज, असं तिनं विचारलं. वडिलांना खोटं बोलता येत नाही आणि बहिणीचं मन मोडवत नाही.  आईनं फोन त्यांच्या हातातून घेतला.

"मी सोता काढा देस त्यास्ले बाई, रोज," ती म्हणाली.