बसलेल्या बायका, उभी शरयू

आमच्या शरयूचं वय एकसष्ट, आणि नोकरी उभं राहण्याची. अहो, खरंच! डेट्रॉइटच्या एका म्युझियममध्ये ती गार्ड आहे. आठ तास भिंतीपाशी उभं राहायचं, कुणी चित्राला हात लावायला गेलं तर ‘सर, प्लीज’ म्हणायचं. बसायची परवानगी नाही. सात वर्षांपूर्वी माझी बायपास झाली, पाठोपाठ कार कंपनीतली इंजिनिअरची नोकरी गेली. तेव्हा आमच्या ट्रॉय उपनगरातली सगळी मराठी मंडळी हळहळली, आणि हिने गपचूप या नोकरीचा फॉर्म भरला. माझा इन्शुरन्स तिच्या नोकरीवर आहे. पासष्टीला मिळणारा सरकारी विमा, मेडिकेअर, यायला मला अजून दोन वर्षं आहेत. म्हणजे माझ्या गोळ्या तिच्या टाचांवर चालतात, स्पष्टच सांगतो.

या हिवाळ्यात तिला जपानी चित्रांची खोली मिळाली. दोनशे वर्षांपूर्वी लाकडी ठशांनी कागदावर छापलेली सुंदर बायकांची चित्रं. लोक येतात, ‘हाउ ग्रेसफुल’ म्हणतात. शरयू घरी येऊन मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडते आणि फणफणते, “ग्रेसफुल कसलं डोंबलाचं! दमल्यात त्या. एक तर पाय पसरून नखं कापतेय. एवढे जड कपडे दिवसभर अंगावर वागवून दाखवा म्हणावं.”

“डॉक्टरची चिठ्ठी दे, खुर्ची मिळेल,” मी शंभरदा सांगितलं.

“आणि अनफिट म्हणून काढलं तर? तुमच्या गोळ्यांचं काय?”

मी तिच्या पायांवर आणखी गरम पाणी ओतलं.

मार्चमध्ये ती चित्रं उतरवायची ठरली. शेवटच्या दिवशी मीही गेलो. तिथे काम करणाऱ्या अनुष्का नावाच्या मुलीने मला समजावलं, की उजेडाने रंग उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून चार महिने भिंतीवर, मग पाच वर्षं अंधारात विश्रांती.

“पण ही तर छान दिसतायत की,” मी म्हटलं.

“दॅट्स व्हाय, अंकल. फिकी दिसायला लागली की इट्स टू लेट.”

ती गेली आणि मला संताप आला. कुणाचा, तेही कळेना. नखं कापणाऱ्या बाईसमोर लोकांसाठी एक बाक आहे, त्यावर मी ऐसपैस बसलो होतो. शेजारी युनिफॉर्ममध्ये शरयू, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

“बस इथे.”

“ड्युटीवर आहे मी.”

“मग मीही उभा राहतो. तू बसेपर्यंत बसणार नाही.”

“अहो, तमाशा नको.”

उभा राहिलो, हट्टाने. ती समोर बघत राहिली. दहा मिनिटं झाली असतील. मला दरदरून घाम फुटला, पोटऱ्या थरथरायला लागल्या. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, पुढे आली, दंडाला धरून मला बाकावर बसवलं, आणि परत भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.