आज देवीची साडी कोणती?

ह्यांच्या पायांवर सूज किती दिवसांपासून आहे, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. ज्यांच्यासोबत संसार केला ते माझे यजमान समोर खाटेवर निजले होते, नाकाला प्राणवायूची नळी होती, आणि मी मान खाली घालून उभी होते. मला सूज दिसलीच नव्हती. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. घरात माणसं मला आकारावरून आणि आवाजावरून कळायची. चेहरे, हात-पाय सगळं धुक्यात गेलेलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. हृदय कमजोर झालंय, अंगात पाणी साचत होतं, आधी आणलं असतं तर औषधांवर बराच काळ निभावलं असतं, एवढंच ते माझ्या मुलाला, महेशला, बाजूला घेऊन म्हणाले. मला दिसत कमी होतं, ऐकू नीट येत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले.

आमचं घर चामराजपेटेत. पिढ्यान्‌पिढ्या इथंच, त्यामुळे आमच्या मराठीत निम्मी कन्नड मिसळलेली. हे बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लेथवर होते, पहाटे कंपनीच्या बसनं जायचे. मी घरी शिलाईचं यंत्र घेऊन साड्यांना फॉल-पिको करायचे. रंग हे माझं पोट. हजार साड्यांच्या ढिगातून चिंतामणी आणि मोरपंखी मी लांबून वेगळे काढत असे. तेच रंग आधी फिके झाले, मग पिवळट, मग सगळ्यांवर चहाचं पाणी सांडल्यासारखे. राणी रंगाच्या साडीला मी विटकरी फॉल लावून दिला, त्या दिवशी यंत्रावर जे झाकण घातलं ते घातलंच.

शस्त्रक्रिया करून घे, असं हे किती वेळा म्हणाले असतील. मला भीती होती. लहानपणी मावशीचा डोळा शस्त्रक्रियेनंतर पिकून गेलेला मी पाहिला होता. आता तसं राहिलेलं नाही, सकाळी गेलेली माणसं दुपारी घरी येतात, हे सगळे सांगत होते. पण भीतीला कुणाचं सांगणं पटत नाही. नवरात्र होऊ दे, मी म्हणाले. मग दिवाळी होऊ दे. मग थंडी जाऊ दे. ह्यांनी दोनदा दवाखान्यात जाऊन दिवस ठरवून आणला आणि दोन्ही वेळा मी मोडला. ते चिडले नाहीत. “सरी, बरं. तुझ्या मनानं घे,” एवढंच म्हणाले.

आमच्या पेठेत भवानीचं जुनं देऊळ आहे. दर शुक्रवारी आम्ही दोघं जायचो. डोळे अधू झाल्यापासून मला गाभाऱ्यात फक्त समईचा पिवळा ठिपका दिसे. मग हे माझ्या कानाशी लागून देवीचा साज सांगायचे. आयुष्यभर लोखंडाशी काम केलेला माणूस, त्यांना रंग म्हणजे लाल, हिरवा आणि ‘तो दुसरा’.

“आज लाल आहे,” ते म्हणत.

“कसला लाल? डाळिंबी, की कुंकवासारखा?”

ते बराच विचार करत आणि म्हणत, “आपल्या गॅसच्या सिलिंडरसारखा.”

मला हसू यायचं आणि लाजही वाटायची. त्यांचा आवाज कारखान्यात कमावलेला, त्यांचं कुजबुजणंही चार खांबांपलीकडे जाई. “हळू बोला, लोक बघतायत,” असं मी दर शुक्रवारी म्हणत असे. ते आवाज उतरवत, पण थांबत नसत. काठ, पदर, गळ्यातल्या माळा, हातातला चुडा, सगळं सांगून झाल्याशिवाय मला तिथून हलवत नसत. शेवटी शेवटी सांगता सांगता मध्येच गप्प होत. शब्द शोधत असतील, असं मला वाटे.

हे गेल्यावर मी देवीशी बोलणं सोडलं. तिच्या दारात दर शुक्रवारी उभा राहणारा माणूस, त्याच्या पायांकडे तिनंही पाहिलं नाही, असं मनात येई. आणि लगेच दुसरा आवाज विचारी, तू तरी कुठं पाहिलंस? या दुसऱ्या आवाजाला घाबरूनच मी देवळाची वाट टाकली. एकदा आमटी उतरवताना पातेल्याची कड दिसली नाही आणि हात भाजला. तो भाजलेला हात पाहून महेशनं मला मारतहळ्ळीला त्याच्या घरी नेलं आणि मला न विचारता डोळ्यांच्या दवाखान्यात दिवस ठरवला. मी नाही म्हटलं नाही. बघायची इच्छा उरली नव्हती, पण मुलासुनेवर ओझं होऊन राहणंही नको होतं.

दवाखान्यात एका लांब ओळीत आम्हाला बसवलं होतं. उजव्या डोळ्यात थेंब घालून झाले होते, कोणता डोळा ते चुकू नये म्हणून भुवईवर पट्टी चिकटवली होती. जसजसा डोळा विस्फारू लागला तसतशी मी खुर्चीच्या कडेला सरकत गेले. मावशीचा चेहरा पुढे येऊ लागला. महेश शेजारी उभा राहून ऑफिसच्या फोनवर मोठ्यानं इंग्रजी बोलत होता. त्याला सांगून टाकावं, घरी चल, मला नाही करायचं, असं ठरवून मी त्याचा सदरा ओढला. तोंडातून मात्र भलतंच बाहेर पडलं.

“हळू बोल रे, लोक बघतायत.”

माझ्या डाव्या बाजूच्या खुर्चीतून आवाज आला, “अक्का, तुम्ही भवानीच्या देवळातल्या काय हो?”

मी वळले. मला एक बारीक देहाची सावली तेवढी दिसली. बाई माझ्याच वयाच्या असाव्यात, बोलण्यात निपाणीकडची लकब. त्यांनी हात पुढे केला आणि चाचपडत माझं मनगट धरलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनाही दिसत नाही. त्यांचं नाव रुक्माक्का. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. आता दिसण्याची आशा नाही, पण डोळे ठणकतात म्हणून औषधासाठी त्यांची लेक त्यांना घेऊन आली होती.

“माझी लेक मला शुक्रवारी देवळात खांबापाशी बसवून भाजीला जाती,” त्या म्हणाल्या. “एकदा मागनं अण्णांचा आवाज आला. साडी अशी, काठ असा, माळ अशी. मला वाटलं, देवीनंच माझ्यासाठी माणूस धाडला. तवापासून मी लेकीला सांगून तुमच्या मागच्या खांबाला बसायची. तुम्ही त्यांना गप करायचा, तवा मला तुमचा राग यायचा बघा.” आणि त्या हसल्या. मग म्हणाल्या, “आता येत नाहीत काय अण्णा?”

मी सांगितलं. त्यांचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला.

“धाप लागायची त्यांना,” त्या हळूच म्हणाल्या. “सांगता सांगता थांबायचे. मला ऐकू यायचं. मला वाटलं, घरच्यांना ठाऊक असंल.”

शब्द शोधत नव्हते ते. श्वास शोधत होते. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होते आणि मला कळलं नाही. मी रडू लागले. औषध घालणारी परिचारिका धावत आली आणि म्हणाली, “अळबेडी अम्मा, रडू नका, डोळा लाल होईल.” महेशनं फोन बंद केला आणि माझ्यापुढे गुडघ्यावर बसला. मी त्याला म्हटलं, “मला घरी ने. आता बघून काय करू?”

तेव्हा रुक्माक्कांनी मनगट सोडलं नाही. “एकदा तुम्ही तीर्थ घ्यायला पुढं गेला होता,” त्या म्हणाल्या. “मी अण्णांना विचारलं, दर वेळी एवढं सांगता, कंटाळा येत नाही? तर म्हणाले, हिचं ऑपरेशन झालं की माझी ही नोकरी जाणार, तोवर करून घेतो.” आतून माझ्या नावाची हाक आली. मी उठले नाही. रुक्माक्का म्हणाल्या, “अक्का, माझ्या डोळ्यांना कुणी आत बोलवत नाही. तुम्हाला बोलवतायत. जावा.”

मी गेले.

आत थंडी होती. तोंडावर कापड घातलं, एका डोळ्यापुरती जागा मोकळी. मी हात-पाय ताठ करून पडले होते. “स्वल्प मेले नोडी, अम्मा,” डॉक्टर म्हणाले, आणि मी वर पाहू लागले. वर प्रकाश होता आणि तो पाण्यासारखा हलत होता. मी देवीचं नाव घ्यायला गेले, पण कितीतरी दिवसांचा अबोला, नाव ओठांवर येईना. मग मी कशाचाच प्रयत्न केला नाही. घाबरण्याचा नाही, धीर धरण्याचाही नाही. ज्यांच्या हातात डोळा होता त्यांच्या हातात तो राहू दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट अशी पूर्ण सोडून दिली असेल. त्या हलत्या प्रकाशात एक निळा रंग येऊन गेला, इतका शुद्ध, की मी तो कोणत्याही साडीवर पाहिला नव्हता. भिंगाचा असेल, दिव्याचा असेल. मी कुणाला विचारलं नाही. बाहेर आले तेव्हा रुक्माक्का निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरचं आवरण काढलं. डॉक्टरांचा पांढरा कोट इतका पांढरा होता की मी दचकले. घरी आल्यावर मी एकेक डोळा झाकून पाहिलं. डाव्या डोळ्याची भिंत अजून चहाच्या पाण्याची, उजव्याची दुधासारखी. एवढंसंच होतं ते. एवढ्याशासाठी मी ह्यांनी ठरवून आणलेला दिवस दोनदा मोडला होता.

वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, चुलीपाशी नाही, काळा चष्मा आणि थेंब. ते दिवस मी खुर्चीत बसून काढले. नजर थोडी स्थिरावल्यावर मी सुनेला म्हटलं, मागच्या वर्षीचे फोटो दाखव. ती कचरली, पण तिनं फोन माझ्या हाती दिला. नातीच्या वाढदिवसाचा फोटो होता. हे सोफ्यावर बसलेले. गाल ओढलेले, डोळ्यांखाली पिशव्या, आणि पाय घोट्यांपर्यंत फुगलेले, मोज्याच्या वळाचा खोल खड्डा पडलेला. ज्यांना मी शेवटचं वर्षभर रोज वाढत होते, तो हा माणूस. मी तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. महेश मागे येऊन उभा राहिला.

“आई, हा फोटो मी काढलाय,” तो म्हणाला. “माझे डोळे तर चांगले होते ना.” मी त्याचा हात धरला. तोवर मला वाटत होतं, हे दुःख माझं एकटीचं आहे. माझा मुलगा तेच घेऊन रोज ऑफिसला जात होता आणि तेही मला दिसलं नव्हतं.

डॉक्टरांनी बाहेर पडायला परवानगी दिली त्या शुक्रवारी मी महेशला देवळात सोडायला सांगितलं. गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि समजेना, हिच्याशी काय बोलावं. मग मागच्या खांबापाशी गेले. रुक्माक्का तिथं होत्या, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, कान मात्र गाभाऱ्याकडे. मी नाव सांगितलं नाही. शेजारी बसून म्हटलं, “गर्द जांभळी आहे. पिकल्या जांभळाची. काठ मोहरीच्या फुलासारखा पिवळा, बोटभर रुंद.”

त्यांनी माझा हात शोधला. “आणि तोंड?” त्यांनी विचारलं. “अण्णा शेवटी देवीचं तोंड सांगायचे. आज प्रसन्न हाय, आज दमल्यागत हाय, असं.”

ते असं कधी सांगत असल्याचं मला आठवेना. सांगत असतील; तोवर मी हात जोडून, डोळे मिटून माझी मागणी सुरू केलेली असणार. मी देवीकडे पाहिलं. शंखाचे डोळे, शेंदूर, झिजलेली हनुवटी. सगळं स्वच्छ दिसत होतं आणि तरी तिच्या चेहऱ्यावर काय आहे, ते मला सांगता येईना. ह्यांना दर शुक्रवारी दिसायचं ते मला नव्या भिंगातूनही दिसत नव्हतं.

“मला नाही कळत, अक्का,” मी म्हटलं.

“मग बसू की,” त्या म्हणाल्या. “लेकीला यायला वेळ हाय.”

आम्ही बसलो. जे गेलं ते परत येणार नाही. ती सूज मी आधी पाहिली असती, ती धाप ऐकली असती, तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्याबरोबर राहील, आणि तो देवीनं काढून घ्यावा असं आता मी मागतही नाही. माझ्या माणसाचे शब्द एका न पाहणाऱ्या बाईनं माझ्यासाठी जपून ठेवले आणि मी पळून जायला निघाले त्याच घडीला ते माझ्या हाती दिले, यासाठी कुणाचे आभार मानायचे ते मला नीट ठाऊक नाही, म्हणून मी सगळ्यांचेच मानते. त्या दिवशी मी देवीकडे काही मागितलं नाही. डोळे उघडे ठेवले आणि तिच्याकडे नुसती बघत बसले.