घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकावर माझा कधीच विश्वास बसला नाही. ज्याला खरोखर पैसे द्यायचे असतात, तो पन्नास रुपयांसाठी अर्धा तास डोकं खातो. जो पहिल्या भावाला मान डोलावतो, त्याच्या मनात भलतंच शिजत असतं. पेणजवळच्या आमच्या जोहे गावात गणपतीच्या मूर्ती रंगवण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली वीस स्वतःच्या कारखान्यात. एवढी अक्कल तर येणारच की!

कारखाना म्हणजे आमच्या घरामागची पत्र्याची शेड. दिवाळी सरली की मी तिथे कच्च्या, पांढऱ्या मूर्ती भरून ठेवते. कोण घेणार, किती घेणार, काही ठाऊक नसतं. पुढच्या वर्षी लोकांना पीतांबर कुठल्या रंगाचा आवडेल, ते खुद्द गणपतीलाही माहीत नसेल. दोन वर्षं तर मी गळ्यातली माळ गहाण टाकून माल भरलाय. म्हणून एक नेम कसोशीने पाळते. मूर्ती रंगवायची, पण आखणी, म्हणजे डोळे, शेवटी. इसार मिळाला की मूर्ती त्या गिऱ्हाइकाची, पण डोळे पूर्ण पैसे हातात पडल्यावरच. बिनडोळ्यांची मूर्ती प्लास्टिकखाली झाकून पुढच्या वर्षाला ठेवता येते. डोळे झाले की तो देव, त्याला कोंडून ठेवायला माझा हात धजत नाही.

याला कुणी जोखीम म्हणत नाही. घरबसल्या बाईचा उद्योग म्हणतात.

गेल्या वर्षी आमचे हे रोह्याच्या कंपनीतून रिटायर झाले. बत्तीस वर्षं शिफ्ट आणि एक तारखेला पगार. माणूस इतका सावध, की जिते स्टेशनात गाडी यायच्या अर्धा तास आधी फलाटावर हजर. फंडाचे पैसे आले तसे आम्ही दोघं पेणला बँकेत गेलो. तिथल्या साहेबाने एक फॉर्म काढला. पैसे गुंतवताना किती जोखीम झेपेल, असं त्यात होतं. ह्यांना त्याने चार-पाच प्रश्न विचारले. मला फक्त वय विचारलं आणि 'कमी'वर खूण करून मोकळा झाला.

"मला काय विचारलं नाय तुम्ही," मी म्हटलं.

"काकू, लेडीजना सेफच बरं असतं. त्यात तुमचं वय."

हे हसले. "आमची ही मुलखाची भित्री हाय, साहेब."

असा संताप आला म्हणून सांगू! माझी माळ सोनाराकडे पडून होती, तेव्हा हा माणूस एक तारखेची वाट बघत होता. पण बँकेत तमाशा नको म्हणून दाखवलं तिथे सही केली.

त्यानंतर मला ह्यांचीच शंका यायला लागली. साठी झाली की माणूस जपून वागतो म्हणतात. आमच्याकडे उलटंच. ज्याने जन्मात लॉटरीचं तिकीट घेतलं नाही, तो मोबाइलवर पैसे दुप्पट कसे होतात ते बघत बसायला लागला. फोन आला की उठून परसात. कोण म्हणून विचारलं की "कंपनीतला मित्र", एवढंच.

एके दिवशी तो मित्र स्वतःच कारखान्यात आला. ह्यांच्याच शिफ्टमधला, पण नोकरी सोडून रोह्यात ऑफिस थाटलेला. बूट बाहेर काढले, मूर्तींना हात जोडले आणि "वहिनी, वहिनी" करत मला स्कीम समजावली. महिन्याला एवढे, वर्षाला तेवढे.

"मुद्दल परत मिळालेला एक माणूस दाखवा," मी म्हटलं. "व्याज नको. मुद्दल."

"वहिनी, एवढं व्याज मिळाल्यावर मुद्दल कोण काढतोय? येडा हाय काय कोण?"

मला माझं उत्तर मिळालं. मग म्हणाला, ऑफिसात बसवायला तीन फुटी मूर्ती पाहिजे. मी मुद्दाम दीडपट भाव सांगितला. "चालेल," म्हणाला. नुसतं चालेल! पाच हजार इसार दिला, पन्नासच्या नोटांचं अख्खं बंडल, बँकेच्या कागदी पट्टीसकट. मी ते रंगाच्या कपाटातल्या डब्यात टाकलं. मूर्ती जाईपर्यंत इसाराला हात लावायचा नाही, हाही माझा नेम.

तो गेल्यावर हे म्हणाले, "बघ, कसा सरळ माणूस! एक रुपया कमी कर म्हणाला नाय."

"म्हणूनच तर सांगते. फंडातला एक पैसा त्याला द्यायचा नाय. माझ्या गळ्याची शप्पथ घ्या."

"तुला सगळीकडे चोरच दिसतात गो. बायकांची जातच संशयी."

शपथ काही घेतली नाही, पण विषय सोडून चहा मागितला. मी चहा केला आणि मनात म्हटलं, जिंकले. कधीकधी मात्र वाटायचं, खरंच आपण भित्र्या तर नाही? रोह्यात लोकांना व्याज मिळतंय असं ऐकत होते.

गणपती आठवड्यावर आले. शेड रिकामी होत आली, ती तीन फुटी मूर्ती तेवढी उभी. पीतांबर, सोंड, दागिने सगळं झालेलं, डोळ्यांच्या जागी पांढरं. हे रोज मागे लागायचे, "आखणी करून टाक, येईल तो."

"पैसे येऊ देत."

"माझ्या मित्राची मूर्ती अडवतेस?" आवाज पार चढला. एका मूर्तीपायी एवढं? मी ब्रश धुवायला घेतले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी हे सकाळीच रोह्याला गेले, दुपारी परतले आणि मूर्तीसमोर स्टुलावर बसले.

"ऑफिसला कुलूप हाय," म्हणाले. "फोन पण लागत नाय."

"मग आपलं काय गेलं? इसार आपल्याकडेच हाय."

हे हातातलं गाडीचं तिकीट चुरगाळत बसले. तेव्हा मला कळलं.

"किती?"

"निम्मा फंड. रोख."

"कधी?"

"तो हितं आला, त्याच्या आदल्या दिवशी."

म्हणजे मी भांडत होते, शपथ मागत होते, तेव्हा पैसे कधीच गेले होते. "मग त्याला माझ्याकडे धाडलात कशाला?"

"तू व्हय म्हटलं असतंस, तर सांगणार होतो," हे म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मला रडू येत नव्हतं. रागच इतका होता.

मी कपाट उघडून तो डबा काढला. पट्टीवरचा शिक्का तेव्हा पहिल्यांदा वाचला. एवढी संशयी बाई मी, गिऱ्हाइकाचं सगळं पारखलं आणि हा शिक्का वाचायचा राहिला. आमचीच बँक, आमचीच पेणची शाखा.

"तुम्ही दिलेल्यात पन्नासचं बंडल होतं?"

ह्यांनी मान डोलावली.

मी ते बंडल ह्यांच्या हातावर ठेवलं. "घ्या," म्हटलं. "फंडातले एवढे परत आले."