दत्ताभाऊंचे लेख अजून येताहेत

आठवतं, निगडीच्या टपरीवर चहा पिता पिता दत्ताभाऊंनी आपल्या सगळ्यांचे ब्लॉग एका फीडमध्ये, म्हणजे एकाच पानावर, जोडले होते? तेव्हापासून तंत्रज्ञानाचे मेळावे आपण एकमेकांच्या लेखांतून पाहत आलो.

आज सकाळी त्यांचा नवा लेख आला. मी लिहिलं, "झकास, भाऊ! पुढच्या मेळाव्यात भेटू."

दुपारी निघोज्याहून, भाऊंच्या घरून, वहिनींचा फोन आला. "ताई, त्यांना जाऊन महिना झाला. लेख त्यांनी आधीच तारखा घालून लावून ठेवलेत. तुमी समदी 'भेटू' म्हणता, आमी काय सांगावं?"

महिनाभर वाचलं सगळ्यांनी, फोन कुणीच केला नाही.

"लेख बंद करू का, वहिनी?"

"न्हाई. नाव तरी दिसतंय."

उरलेले लेख फीडवर येण्याआधी वहिनींना वाचायला मिळावेत, एवढं आपण बघू. आणि 'भेटू' लिहिणाऱ्यांनो, रविवारी निघोज्याला या.