खड्ड्याला पाणी

राव मामा रोज सकाळी एका रिकाम्या खड्ड्याला पाणी घालत. अंगणाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या मोटरीशेजारी, सिमेंटचं झाकण असलेला तो खड्डा होता. त्यात ना तुळस, ना कढीपत्ता. मामा झाकण सरकवत, बादली हळूहळू रिती करत, पाणी जिरेपर्यंत उभे राहत आणि झाकण लावून आत जात. तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या गल्लीत त्यांना ‘वायर राव’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

खड्ड्यात मीठ-कोळशात पुरलेली तांब्याची पट्टी होती. साऱ्या घराचं अर्थिंग तिच्यावर. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग नीट काम करत नाही, एवढं मला माहीत होतं. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात मोजमापं तपासणं हीच माझी नोकरी आहे. पण रोज पाणी घालणारा माणूस मी पाहिला नव्हता. वरचा मजला घेऊन आम्ही राहायला आलो तेव्हा मी त्यांना कारण विचारलं. “गाणं इथनं सुरू होतं, ओ,” ते म्हणाले आणि बादली उचलून गेले.

मामांचं घराणं तंजावरचं. त्यांची मराठी जुनी आणि तमिळ हेलाची. जिन्यात पहिल्यांदा कानावर पडली तेव्हा ती मराठी आहे हे कळायला मला वेळ लागला. गिंडीत ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत एक भारी ॲम्प्लिफायर आणि दोन उंच स्पीकर मांडले, आणि मग ते केबल आणू लागले. भिंतीतल्या प्लगपासून ॲम्प्लिफायरपर्यंत वीज नेणारी साधी गोष्ट, पण यांच्याकडच्या मनगटाएवढ्या जाड. नवी आली की जुनी कपाटात जाई. माझी बायको एकदा म्हणाली, मामींच्या साड्यांपेक्षा केबल जास्त झाल्यात. मामी म्हणाल्या, “साड्यांना निदान काठ असतो.”

मी मामांशी वाद घालत असे. वीज खांबावरून येते, मीटरमधून येते, भिंतीतल्या जुन्या तारेतून येते. शेवटच्या दीड मीटरला चांदीचा मुलामा देऊन काय फरक पडणार? ते सगळं ऐकून घेत. “तुमचं गणित बरोबर आहे,” म्हणत. “पण खुर्चीत गणित बसत नाही. माणूस बसतो.”

शेवटी एका रविवारी मी परीक्षा घ्यायची ठरवली. पडद्यामागे मी केबल बदलणार, बाहेरच्यानं ओळखायचं. मामा लगेच तयार झाले. खुर्चीत तेच बसतील अशी माझी समजूत होती. पण ते दारापाशी उभे राहिले. खुर्चीत मामी बसल्या, मांडीवर शेवग्याच्या पाल्याची परात घेऊन. गाणं लावलं नव्हतं, नुसता ॲम्प्लिफायर चालू. मी केबल बदलत होतो, मधूनच बदलल्याचं नाटक करून तीच ठेवत होतो. मामी पाला खुडता खुडता सांगत होत्या: “आता भणभण आहे.” “आता नाही.” “आता परत आली.” त्या एकदाही चुकल्या नाहीत. दोन जाड केबलींच्या वेळी मात्र म्हणाल्या, “या दोघी सारख्याच. उगाच बदलू नकोस, तंबी.” तमिळमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं त्या मला तंबी म्हणत.

मी मीटर लावून पाहिलं. ज्या साध्या केबलवर भणभण येत होती, तिची अर्थची तार आतून तुटली होती. बाकीच्यांची शाबूत होती. म्हणजे फरक जाडीचा नव्हता, मुलाम्याचाही नव्हता. मामींना ऐकू येत होती ती मातीपर्यंत न पोचलेली तार. मी हे मामांना स्पष्ट सांगितलं. त्यांचा चेहरा पडला नाही. “सरी,” म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि त्या दोन सारख्यांतली महागडी कपाटात ठेवून आले.

मामी गाणं शिकवत असत. दम्यानं आवाज गेला, तेव्हापासून नुसत्या ऐकत. हे सगळं सामान त्यांच्यासाठी आलं होतं. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या मारते आणि तिची घरघर बहुधा त्याच्या दुप्पट सुरात ऐकू येते. मामींची श्रुती, म्हणजे गायची पट्टी, पाच कट्टै, आपली पांढरी पाच; त्या सुराच्या अगदी शेजारी. “लांब असती तर चाललं असतं,” त्या म्हणायच्या. “ही माझ्या तंबुऱ्याला चिकटून बसते, आणि किंचित वर.” मी पट्टीचा तक्ता काढून ताडून पाहिलं. ती खरोखर किंचित वर होती.

त्या रविवारी मला जिन्यापर्यंत सोडायला मामा आले. मी विचारलं, तुम्ही का नाही बसलात? ते हसले. “मला काय ऐकू येणार? सगळा जन्म ट्रान्सफॉर्मरजवळ गेला. ती भणभण माझ्या कानातच आहे, रात्रंदिवस. बाहेर आहे का नाही, ते मला कळत नाही. ती सांगते, मी बदलतो.”

म्हणजे गल्ली ज्यांना कानाचा दर्दी समजत होती त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ते केबल बदलत, मामींच्या चेहऱ्याकडे पाहत, आणि पुन्हा बदलत.

मामी एका दुपारी हॉस्पिटलात गेल्या आणि तिथेच वारल्या. मामा रडले नाहीत. कोइंबतूरहून मुलगी आली, दिवस झाले, ती परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात झाकण सरकल्याचा आवाज आला. मी वरून पाहिलं. बादली, पाणी, झाकण.

त्यानंतर ते मला अधूनमधून खाली बोलवू लागले. मी मामींच्या खुर्चीत बसत नसे, शेजारी स्टुलावर बसे. ते ॲम्प्लिफायर चालू करत, दारापाशी उभे राहत आणि विचारत, “आहे का?” मी म्हणे, मला काही ऐकू येत नाही. ते मान हलवत. एकदा मी त्यांना सांगितलं, मामा, माझ्या म्हणण्याला अर्थ नाही, मामींना जे ऐकू यायचं ते मला आधीही येत नव्हतं. “ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पण कुणास तरी विचारायला पाहिजे.”

पुढच्या उन्हाळ्यात मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. आम्हीही गावी गेलो होतो. परत आलो तेव्हा माती भेगाळलेली होती. मामाही आले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. ॲम्प्लिफायर लागला. या वेळी मलासुद्धा भणभण ऐकू आली, जाड, न थांबणारी.

“मामा, आहे,” मी म्हणालो.

ते दारापाशीच उभे होते. “खरंच? तुम्हांसही?”

“हो. थांबा, मी बादली आणतो.”

“नको,” ते म्हणाले. “कशी आहे?”

मी सांगायचा प्रयत्न केला. एकसारखी आहे. खालच्या पट्टीतली. “श्रुतीच्या वर?” त्यांनी विचारलं. ते मला कळत नाही, मी म्हणालो. “ती म्हणायची, किंचित वर,” ते म्हणाले. मग पुढे आले, स्पीकरची जाळी काढली आणि आतल्या काळ्या पडद्यावर अलगद तळवा टेकवला. बराच वेळ तसेच उभे होते. मी विचारलं, हाताला लागतंय का? त्यांनी मान हलवली, हो अशी. “याचाच तिला त्रास होता,” ते म्हणाले.

मी वर आलो. सकाळी झाकण सरकल्याचा आवाज आला.

आता मामा कोइंबतूरला मुलीजवळ असतात. तिचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे, तिथे खड्डा नाही. खालच्या घरात भाडेकरू आले. निघताना मामांनी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर माझ्याकडे ठेवले, केबल एकच दिली, ती कपाटातली महागडी नव्हे. मी विचारलं, दुसरी नको? “या दोघी सारख्याच,” ते म्हणाले.

कधीतरी फोन येतो. माझ्या बायकोची चौकशी करतात, पाऊस झाला का विचारतात, आणि शेवटी, “आहे का?” मी त्यांना फोन धरून थांबायला सांगतो. पंखा बंद करतो, ॲम्प्लिफायर लावतो, स्पीकरवर तळवा टेकवतो. रोज सकाळी कारखान्यात जाताना मी खड्ड्याला पाणी घालून निघतो, त्यामुळे हाताला काही लागत नाही.

“नाही, मामा,” मी सांगतो. “काही नाही.”

“सरी,” ते म्हणतात आणि फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.