अंतराळात गेलेलं चौदावं नाव

आमच्या घरातून आजवर चौदा नावं अंतराळात गेली आहेत. त्यातली तेरा माणसांची आहेत.

मी मानकोलीच्या एका गोदामात डिस्पॅच बघते. यादीतला आकडा आणि खोक्यांचा आकडा जुळला की गाडी सोडायची, हे माझं काम. घरीही माझी एक निळी वही असते (पेन दोरीने बांधलेलं, कारण आमच्याकडे पेनं चालत जातात) आणि वहीत नाही ते आमच्या घरात घडत नाही. वहीखालोखाल मला वेड आहे ते रॉकेटचं. कुठल्याही देशाचं उडो, मी मोबाइल घेऊन हजर. त्यामुळे एक यान माणसांशिवाय एका लघुग्रहाच्या अभ्यासाला निघणार आहे आणि लोकांनी ऑनलाइन कळवलेली नावं चिपवर कोरून सोबत नेणार आहे, हे वाचल्या वाचल्या मी वही उघडली.

तेरा नावं पटापट झाली. घरचे, दिराकडचे, शेजारच्या शकीला भाभी. खरा प्रश्न आत्याबाईंचा होता.

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, प्रकाशच्या आत्या. राहणार कोन गावच्या. दिराच्या लग्नपत्रिकेत त्यांचं नाव राहिलं होतं. पत्रिकेतल्या नावांची यादी माझी होती. त्यानंतर आत्याबाई चार वर्षं आमच्याशी बोलल्या नाहीत. (म्हणजे दर महिन्याला फोन करून 'मी तुमच्याशी बोलत न्हाय' असं सांगायच्या.) गेल्या वर्षी कुठे सगळं निवळलं. तेव्हा या यादीत त्यांचं नाव चुकणं शक्यच नव्हतं. पण घालायचं कुठे? सासूबाईंच्या वर घातलं तर सासूबाई फुगणार, खाली घातलं तर आत्याबाई. म्हणून चौदाव्या क्रमांकापुढची जागा मोकळी ठेवून मी विचार करायला घेतला.

दोन दिवसांनी वही प्रकाशच्या हातात दिली. "जसंच्या तसं टाइप कर. स्वतःचं डोकं लावू नकोस."

त्याने लावलं नाही. प्रत्येक नावाचा, विमानाच्या बोर्डिंग पाससारखा, छापील पास आला. मी मोजले. चौदा. आकडा जुळला, सगळ्यांपुढे बरोबरची खूण केली, पाकीट कपाटात.

उड्डाण रविवारी संध्याकाळी होतं. त्याची स्वतंत्र यादी: इन्व्हर्टर चार्ज, मोबाइलमध्ये डेटा, कुकर आधीच चढवणे म्हणजे मध्ये उठायला नको. तन्वीने, माझ्या मुलीने, लॅपटॉप टीव्हीला जोडला. दीर-जाऊ आले, सासूबाई पुढच्या खुर्चीत बसल्या, शकीला भाभी शेवयांचं भांडं घेऊन आल्या. आणि जांभळं लुगडं नेसून, तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा घेऊन आत्याबाई रिक्षातून उतरल्या.

"अख्ख्या आळीत सांगून आलेय," त्या म्हणाल्या. "माझं नाव वर चाललंय म्हनून. कुठं हाय माझा कागद?"

पडद्यावर पांढरंशुभ्र रॉकेट उभं, अंगातून वाफा निघतायत, कोपऱ्यात उलटं मोजणारं घड्याळ, सतरा मिनिटं बाकी. मी गोदामातल्यासारखी हजेरी घेत एकेक पास वाटायला सुरुवात केली.

"भाभी, मेरा नाम इंजन के पास तो नहीं है ना? गरम होगा," शकीला भाभींनी विचारलं.

तेरा पास वाटून झाले. चौदावा हातात घेतला आणि वाचला. इंग्रजी अक्षरांत स्वच्छ छापलं होतं. पहिलं नाव: कुकरची. आडनाव: शिट्टी.

मोकळ्या जागेसमोर बसून विचार करताना मला मध्येच काय आठवलं होतं आणि ते मी कुठे लिहून ठेवलं होतं, ते आता आठवलं.

"आत्याबाई, तुमचा पास फ्रेम करायला टाकलाय," असं म्हणून मी प्रकाशला स्वयंपाकघरात ओढलं.

"हे काय टाइप केलंस?"

"वहीत होतं ते."

"शिट्टी आडनाव असतं का कुणाचं?"

"मला वाटलं, तुझ्या गोदामात असेल कुणी."

"आणि कुकरची हे नाव?"

"तू म्हणालीस डोकं लावू नकोस. तुझ्या यादीत डोकं घालायचं नाही, हे तू मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सांगितलंयस."

नवीन नाव घ्यायची मुदत केव्हाच संपली होती. तन्वीने मोबाइलवर खात्री करून नुसती मान हलवली. बाहेर येऊन बसले. सहा मिनिटं, पाच मिनिटं, आणि चार मिनिटं बाकी असताना घड्याळ थांबलं.

"का थांबलं गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काहीतरी तपासतायत, आजी," तन्वी म्हणाली.

"कोन राहिलं-बिहिलं असंल. सांगा त्यांना, नीट मोजा म्हनावं."

एकदा गाडी गेटाबाहेर पडली की चूक सुधारत नाही, हे मी रोज गोदामातल्या मुलांना ओरडून सांगते. इथे गाडी अजून गेटावर उभी होती. मी उठले आणि पास आत्याबाईंच्या हातात ठेवला.

"आत्याबाई, फ्रेम वगैरे काही नाही. तुमचं नाव राहिलं. माझ्याकडूनच. परत."

"मग ह्यावर कोनाचं हाय?"

तन्वीने वाचून दाखवलं. जावेने पदर तोंडाशी नेला. दिराने छताकडे बघायला सुरुवात केली. आणखी चार वर्षं, मी मनात हिशोब केला.

"म्हंजे माझ्या जागेवर कुकरची शिट्टी चाललीय?"

"हो."

"आनि पत्रिकेत माझ्या जागेवर कोन होतं?"

"कुणीच नव्हतं."

आत्याबाईंनी थोडा विचार केला. "मग सुधारलीस. ह्या टायमाला निदान जागा तरी धरलीस." त्यांनी पास घडी न घालता पिशवीत ठेवला. "फ्रेम मीच करते. आमच्या आळीत विंग्रजी वाचायला चष्मा कोनाकडं धड हाय?"

तेवढ्यात तन्वी ओरडली, "आई, घड्याळ सुरू झालं!"

पुढची चार मिनिटं कुणी पापणी लववली नाही. दहापासून सगळ्यांनी मोजलं. भाभी हिंदीत, आत्याबाई एक आकडा पुढे. ज्वाळा फुटल्या, रॉकेट जागचं हललं, उचललं गेलं, आणि मी प्रकाशचा दंड इतका आवळला की वळ दोन दिवस होते. यान रॉकेटपासून वेगळं झालं तेव्हा आत्याबाई उभ्या राहून पदर सावरत म्हणाल्या, "जा बाय, नीट जा!" नक्की कोणाला, ते मी विचारलं नाही.

मग करपलेला वास आला. आमच्या कुकरची जुनी शिट्टी वाजत नाही, नुसती फुसफुसते, आणि रॉकेटच्या आवाजात ती कोण ऐकणार? डाळीचा कोळसा झाला होता. सगळे शेवया आणि भाकऱ्या जेवले.

"अगं, नवी शिट्टी आणायची होती ना?" सासूबाईंनी विचारलं.

मी वही काढून बघितली. चौदाव्या क्रमांकापुढे माझ्याच हातची बरोबरची खूण आहे. शिट्टी अजून आणलेली नाही. खूण झालेलं काम मी पुन्हा उघडत नाही.